शिफारसपत्राचा मंगळवार

नोव्हेंबर २०२५, सकाळी ७.१५

शाळेचं कुलूप उपमुख्याध्यापक साडेसहाला काढतात. सव्वासातला मी पोचते तेव्हा जिममधून व्हॉलीबॉलचा आवाज येत असतो आणि सेन्सेई, म्हणजे आमच्या शाळेतल्या बाई, गळ्यात शिट्टी अडकवून कडेला उभ्या असतात. विषय समाजशास्त्र, वय अठ्ठेचाळीस. व्हॉलीबॉल त्या आयुष्यात कधी खेळलेल्या नाहीत. आधीच्या शिक्षकांची बदली झाली, कुणाला तरी उभं राहणं भाग होतं, त्या राहिल्या. आठवड्यातून तीन दिवस सकाळचा सराव, चार दिवस संध्याकाळचा, शनिवारी सामने. जपानमध्ये याला क्लब म्हणतात आणि तो सांभाळणं ही शिक्षकाची ‘स्वेच्छा’ धरली जाते.

टोक्योबाहेरच्या या सरकारी माध्यमिक शाळेत मी इंग्रजीची साहाय्यक शिक्षिका आहे. एका कंपनीमार्फत नेमलेली, कंत्राटी. माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून. त्यांच्या टेबलावरच्या पारदर्शक मॅटखाली एक पिवळट पत्रक सरकवलेलं आहे. निक्क्योसो या शिक्षकसंघटनेची १९५१ सालची घोषणा त्यावर छापली आहे: आपल्या विद्यार्थ्यांना पुन्हा रणांगणावर पाठवायचं नाही. सेन्सेई या संघटनेच्या शाळेतल्या शाखाप्रमुख. स्टाफरूममध्ये बत्तीस टेबलं, शाखेत पाच माणसं.

मी साताऱ्याची. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ मध्ये आमच्याकडे निघालं, आणि मिलिटरी आपशिंगे हे गावाचं नाव काही कुणी उगाच ठेवलेलं नाही. पहिल्या महायुद्धातच त्या एका गावाची ४६ माणसं गेली. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिच्या निवृत्तीच्या सत्काराला दोन विद्यार्थी गणवेशात आले, वाकून नमस्कार केला, तेव्हा तिला मिळालेल्या शाल-श्रीफळापेक्षा त्याचंच कौतुक घरात अधिक झालं. तेव्हा हे पत्रक मी पहिल्यांदा वाचलं त्या वेळी मनात आलं ते एवढंच, की या बाईंना फौजेचं एवढं वावडं का?

सकाळी ८.१५

कामाची अधिकृत वेळ आत्ता सुरू झाली. सेन्सेई तासभर आधीपासून कामात आहेत, तो तास कुठल्याच कागदावर नाही.

सकाळची बैठक पाच मिनिटांची, उभ्यानं. फळ्यावर रजेवर कोण, बाहेर कोण, इन्फ्लूएंझाची मुलं किती. गणिताचे एक सर मानसिक आजारपणाच्या रजेवर आहेत. बदली शिक्षक मिळालेला नाही, म्हणून दुसरीच्या, म्हणजे आपल्या आठवीच्या, दोन वर्गांचं गणित उपमुख्याध्यापक घेतात. हे या शाळेचंच दुर्दैव नव्हे. २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयानं पहिल्यांदाच देशभर मोजणी केली, तेव्हा सत्राच्या पहिल्या दिवशी २,५५८ शिक्षक कमी भरले. २०२३ या वर्षात मानसिक आजारामुळे रजेवर गेलेले सरकारी शाळांतले शिक्षक ७,११९. आपल्याकडे डीएड-बीएड झालेली पोरं भरतीसाठी आझाद मैदानात बसतात. इथे जागा आहेत, माणूस फिरकत नाही.

बैठक संपताना कुणीतरी वर्तमानपत्र घडी घालून ठेवतं. ताकाइची सानाए पंतप्रधान झाल्या त्याला महिनाही झालेला नाही. संरक्षण खर्च जीडीपीच्या २ टक्क्यांवर नेण्याचं लक्ष्य २०२७ सालचं होतं. ते याच आर्थिक वर्षात, म्हणजे मार्चअखेर गाठू, असं त्यांनी संसदेत जाहीर केलं आहे. स्टाफरूममध्ये त्यावर कुणी बोलत नाही. घंटा होते.

सकाळी ९.४५

दुसरा तास, तिसरीचा वर्ग. जपानी माध्यमिकची तिसरी म्हणजे आपली नववी. ३८ मुलं. माझा तास मोकळा असतो तेव्हा मी मागे बसते. माझं जपानी सुधारतं आणि त्यांची हरकत नसते.

आजचा धडा: देशाचं अंदाजपत्रक. सेन्सेईंनी फळ्यावर दोन मोठी वर्तुळं काढली आहेत. डावीकडे २०२०, उजवीकडे २०२५. खडूचे पाच रंग. सामाजिक सुरक्षा, म्हणजे पेन्शन, दवाखाने, म्हाताऱ्यांची देखभाल, याची फोड सर्वांत मोठी, तिसरा हिस्सा. मग कर्जफेड आणि व्याज, जवळजवळ चौथा हिस्सा. या दोन फोडी दोन्ही वर्तुळांत साधारण तेवढ्याच. मग त्या हिरवा खडू घेतात, शिक्षण आणि विज्ञानासाठी, आणि लाल खडू संरक्षणासाठी. डाव्या वर्तुळात हिरवी फोड ५.५ लाख कोटी येन, लाल ५.३. शेजारी शेजारी ठेवल्या तर पट्टी लावूनच फरक कळेल. उजव्या वर्तुळात हिरवी ५.७. लाल ८.७.

त्या खडू ठेवतात आणि विचारतात, “काय दिसतं?”

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणते, लाल वाढली. बरोबर. का वाढली असेल? हात वर होतात. चीन. उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रं. युक्रेन. एक मुलगा सांगतो, त्याचे मामा होक्काइदोला असतात. एप्रिल २०२३ मध्ये सकाळी फोन किंचाळला, ‘आसरा घ्या’ म्हणून, क्षेपणास्त्र बेटाजवळ पडणार होतं. नंतर इशारा मागे घेतला. पण मामेबहीण टेबलाखाली बसून रडली. सेन्सेई हे सगळं फळ्यावर लिहून घेतात, जसंच्या तसं, स्वतःचा शब्द न घालता. मग विचारतात: पैसा कुठून आणायचा? तीन पर्याय: कर वाढवा, कर्ज काढा, दुसरी फोड कापा. कंपन्यांवरचा आणि तंबाखूवरचा कर एप्रिल २०२६ पासून वाढतो आहे, हेही सांगतात. गटात चर्चा करा, सात मिनिटं.

तास संपता संपता तोच प्रश्न येतो. “सेन्सेई, तुम्ही काय कापाल?”

“तुम्ही अठराव्या वर्षी मतदान कराल. माझं मत ऐकून केलंत तर ते तुमचं राहणार नाही.”

मुलं हसतात. मला मात्र त्या उत्तरामागचा कायदा माहीत आहे. १९५४ पासून शिक्षकांच्या राजकीय तटस्थतेसाठी इथे खास कायदे आहेत. वर्गात पक्षाची बाजू घेतली तर नोकरीवर येतं, आणि या संघटनेवर तर कायमच डोळा. २०१५ मध्ये खुद्द पंतप्रधान आबे शिंझो संसदेत आपल्या बाकावरून विरोधकाला उद्देशून ‘निक्क्योसो!’ असं ओरडले होते, शिवी हासडावी तसं. म्हणून सेन्सेई वर्गात दोन वर्तुळं काढतात आणि गप्प बसतात. आकड्यांना तटस्थ राहायची सक्ती नाही, एवढी एक सोय आहे.

सकाळी ११.४०

आठवड्यातला एकमेव निवांत तास. त्यात ३८ डायऱ्या. इथे प्रत्येक मूल रोज चार-पाच ओळींची डायरी लिहितं आणि वर्गशिक्षक रोज लाल पेनानं उत्तर देतो. एका डायरीला मिनिटभर धरलं तरी तास गेला. सेन्सेईंची लाल रिफिल महिन्याला संपते, स्वतःच्या पैशानं आणतात.

बहुतेक नोंदी परीक्षा, झोप, मोबाइल गेम. एका डायरीवर मात्र पेन थांबतं. त्या मला दाखवत नाहीत, मीही मान वळवत नाही. उत्तर लिहायला बराच वेळ घेतात आणि लिहितात एकच ओळ.

दुपारी १२.३५

जेवण. पांढरे कोट आणि टोप्या घातलेली मुलं भांडी ढकलत वर्गात आणतात, वाढतात, शिक्षक त्यांच्यातच बसून जेवतो. आज भात, मॅकरल, मिसो सूप, दूध. सेन्सेई सात मिनिटांत जेवतात, कारण एका मुलाला अंड्याची ॲलर्जी आहे, दोघांची भांडणं आहेत, एक मुलगी आठवडाभर काही खात नाही. कामगार कायद्यानं मिळणारी पाऊण तासाची सुट्टी या वेळेत धरता येत नाही, कारण जेवण हा ‘मार्गदर्शनाचा’ भाग. ती सुट्टी वेळापत्रकात दुपारी पावणेचारला टाकलेली असते, आणि पावणेचारला बैठक असते.

हे ताट फुकट नाही. २०२३ च्या सरकारी पाहणीत माध्यमिक शाळांतल्या जेवणाची सरासरी फी महिन्याला ५,३६७ येन निघाली. काही नगरपालिकांनी ती माफ केली आहे, आमच्या नाही. प्राथमिकचं जेवण देशभर मोफत करायचं २०२६ पासून ठरलं आहे, माध्यमिकचं ‘पुढे बघू’. शालेय पोषण आहाराची खिचडी आणि तिचे हिशेब यांवर आईनं आयुष्यभर कुरकुर केली. तांदूळ निवडण्यापासून रजिस्टर भरण्यापर्यंत सगळं तिच्याच गळ्यात होतं. पण खिचडीची फी पोराच्या घरी मागायची वेळ तिच्यावर कधी आली नाही. सेन्सेईंवर येते. फी थकली की घरी फोन वर्गशिक्षकानं करायचा.

दुपारी १.२०

सफाई. शिक्षक-मुलं सगळे फडकी घेऊन. पंधरा मिनिटं. मग पाचवा तास, सहावा तास.

दुपारी ४.१०

‘सुट्टी’ची बैठक आवरून सेन्सेई तिसरीच्या वर्गाकडे जातात. नोव्हेंबर म्हणजे त्रिपक्षीय भेटी: मूल, पालक, शिक्षक, आणि मध्ये हायस्कूल प्रवेशाचा तक्ता. तिथे माझं काम नाही. मी स्टाफरूममध्ये वक्तृत्व स्पर्धेची भाषणं तपासत बसते.

वीस मिनिटांच्या भेटीला अर्धा तास लागतो. परत येतात त्या हातात एक रंगीत माहितीपत्रक घेऊन. योकोसुकाच्या लष्करी तांत्रिक हायस्कूलचं. स्वसंरक्षण दलाची ही शाळा पंधरा-सोळाव्या वर्षी मुलगे घेते. फी नाही. राहणं, जेवण, गणवेश सरकारी. वर महिन्याला एक लाख येनपेक्षा जास्त भत्ता. तीन वर्षांनी बहुतेक मुलगे लष्करातच पुढे जातात. परीक्षा जानेवारीत, आणि शिफारशीवरून जायचं तर शाळेचं पत्र लागतं. पत्राचा मसुदा वर्गशिक्षकानं करायचा.

“आई वृद्धाश्रमात रात्रपाळी करते,” सेन्सेई म्हणतात. “एकटीच आहे. मुलगा हुशार आहे. यंत्रांची आवड आहे, खरोखर आहे. पण आईसमोर तो यंत्रांचं एक वाक्य बोलला आणि पैशांची चार.”

सरकारी हायस्कूलची शिकवणी-फी आता जवळपास माफ आहे, हे त्यांनी त्या माउलीला सांगितलं. तिनं डोकं हलवलं. गणवेश, टॅब्लेट, बसचा पास, क्लबचे बूट, मग कॉलेज. जपानमध्ये एकट्या पालकाच्या दर शंभर घरांपैकी ४४ गरिबीरेषेखाली येतात. २०२१ चा अधिकृत आकडा ४४.५ टक्के. टोक्योच्या झगमगाटात हा आकडा आपल्याकडच्या कुणाला खरा वाटत नाही. मलाही इथे फीचे फोन ऐकू येईपर्यंत वाटला नव्हता.

माहितीपत्रक त्या टेबलावर ठेवतात. खाली मॅट, मॅटखाली ते पिवळट पत्रक. झाकलं जातं.

दुपारी ४.४५

कामाची अधिकृत वेळ संपली. उपमुख्याध्यापक हळू आवाजात आठवण करतात, कार्ड लावून घ्या. सगळे जाऊन मशीनवर कार्ड लावतात आणि परत जागेवर येऊन बसतात. जादा कामाची मर्यादा महिन्याला ४५ तास. ती कागदावर पाळली जावी यासाठी हा कवायतीसारखा फेरा.

जादा कामाचे पैसे सरकारी शिक्षकाला मिळतच नाहीत. १९७१ चा एक कायदा आहे: ओव्हरटाइमऐवजी पगाराच्या ४ टक्के सरसकट. हा आकडा आला १९६६ च्या पाहणीवरून, तेव्हा शिक्षक महिन्याला सरासरी आठ तास जास्त थांबत. आता माध्यमिक शिक्षक दिवसाला सरासरी अकरा तास शाळेत असतो. ओईसीडीच्या पाहणीत जपानी शिक्षकाचे कामाचे तास वर्षानुवर्षं सर्वांत जास्त आहेत. संप करायचा म्हटलं तर सरकारी नोकरांना संपाचा हक्कच नाही. जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले शिक्षक आणि सरकारी कर्मचारी आठवडाभर संपावर होते, हे मी एकदा सांगितलं. सेन्सेईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

संध्याकाळी ६.४५

क्लब सुटला. शाखेची बैठक स्टेशनजवळच्या रेस्टॉरंटमध्ये. शाळेत जागा मागायची तर अर्ज, आणि अर्जावर विषय लिहा. पाच सभासद आणि सेन्सेईंनी ‘या, ऐका’ म्हटलं म्हणून आलेली मी. १९५८ मध्ये जपानमधल्या शंभरातले ८६ शिक्षक या संघटनेत होते. १९८९ मध्ये संघटना फुटली, आणि आता शंभरात वीसच्या आसपास उरलेत. या टेबलावर त्याहूनही कमी.

विषय: ‘शाळेला पैसा, शस्त्रांना नको’ या मागणीवर सह्या. पत्रकात टोमाहॉक आहेत. जानेवारी २०२४ मध्ये जपाननं अमेरिकेकडून ४०० पर्यंत टोमाहॉक क्षेपणास्त्रं घ्यायचा करार केला, सुमारे २५,४०० कोटी येन. भागाकार पत्रकातच करून दिलाय: एकाला साठ कोटींच्या वर.

सर्वांत तरुण सभासद, विज्ञानाचे सर, अठ्ठावीसचे, हे वाचून म्हणतात, “मी सही करणार नाही. वर्गात कमी मुलं हवीत, माणसं हवीत, यावर दहा सह्या करतो. पण क्षेपणास्त्र माझ्या डोक्यावरून जाताना मी पत्रक दाखवू का त्याला?”

शांतता. मग निवृत्तीला आलेल्या बाई बोलतात. आवाज न चढवता. आपली १९५१ ची घोषणा पैशांवरून आलेली नाही, त्या म्हणतात. १९३८ पासून मांचुरियात वसाहत करायला किशोरवयीन मुलांची पथकं पाठवली. जवळपास ८६ हजार मुलगे. शाळाशाळांना कोटा ठरवून दिला होता. मुलं निवडली कुणी? वर्गशिक्षकांनी. घरी जाऊन आईबापांना पटवलं कुणी? वर्गशिक्षकांनी. नागानोत तर शिक्षकांच्या मंडळानंच पुढाकार घेतला होता. वीस हजारांहून जास्त मुलगे परत आले नाहीत. कोची जिल्ह्यातल्या एका शिक्षकानं युद्धानंतर मेलेल्या विद्यार्थ्यांवर कविता लिहिली, ती या देशातल्या जुन्या शिक्षकांना पाठ असते. “मुलं सरकारनं नेली असं म्हणायची सोय आपल्या धंद्याला नाही. आपणच बोट धरून नेलं.”

विज्ञानाचे सर मान खाली घालून ऐकतात. पटलं असं नाही. “ते मला मान्य आहे,” म्हणतात, “पण आज कुणी कोटा देत नाही.”

“नाही देत,” सेन्सेई पहिल्यांदा तोंड उघडतात. “दलाला माणसं मिळत नाहीत. २०२३ मध्ये हवी होती त्याच्या निम्मीच भरती झाली. म्हणून नगरपालिका अठरा वर्षांच्या मुलांची यादी त्यांना देते, संरक्षण मंत्रालय यंदा प्राथमिक शाळांना मुलांसाठीची संरक्षण पुस्तिका पाठवतं. कोटा नाही. पण माझ्या वर्गातल्या ३८ घरांत ते माहितीपत्रक एकाच घरात गंभीरपणे वाचलं जातं, आणि ते घर कुठलं हे मला पत्ता न बघता सांगता येतं.”

मग त्या दुपारची भेट सांगतात. नाव न घेता. निवृत्तीला आलेल्या बाई विचारतात, पत्र देणार नाही ना? बाकीचेही बघतात. सेन्सेई कॉफी ढवळत राहतात. विज्ञानाचे सर म्हणतात, द्यायलाच हवं, आयुष्य त्याचं आहे.

सह्या चार होतात. विज्ञानाचे सर वर्गातली पटसंख्या कमी करायच्या वेगळ्या अर्जावर सही करतात. माध्यमिकला ३५ची मर्यादा २०२६ पासून लागणार आहे, पण सुरुवात फक्त पहिलीच्या वर्गापासून. त्यांना ती एकदम तिन्ही वर्गांना हवी आहे. कुणी कुणावर रागावत नाही. बिल सहा भागांत.

रात्री ८.४०

स्टेशनवर मी त्यांना विचारते, पत्राचं काय करणार?

“लिहिणार. चांगलं लिहिणार. त्याचा हक्क आहे तो. पण एक वाक्य घालीन की सरकारी तांत्रिक हायस्कूलमध्ये जाण्याइतके याचे गुण आहेत. आणि उद्या त्याच्या आईला पुन्हा बोलावलंय, शिष्यवृत्तीचे अर्ज घेऊन. निवडायचंच तर दोन गोष्टींतून निवडू दे. आत्ता त्याच्यापुढे एकच आहे.”

मी त्यांना साताऱ्याबद्दल सांगते. आपशिंगे, सैनिक स्कूल, आईच्या सत्काराला आलेले गणवेशातले दोघे. त्या विचारतात, “त्या दोघांच्या घरी शेती किती होती?”

एकाची दीड एकर, कोरडवाहू. दुसऱ्याची नव्हतीच. ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं, सत्कारात कुणी बोलत नाही.

माझं मत विचाराल तर विज्ञानाच्या सरांचं अर्धं म्हणणं मला पटतं. शेजारी अणुबॉम्ब असलेल्या देशानं सैन्य ठेवू नये, असं म्हणायला मी धजणार नाही, आणि भारतीय म्हणून तर मुळीच नाही. पण पाच वर्षांत लाल फोड तीन-साडेतीन लाख कोटींनी फुगते आणि हिरवी जिथल्या तिथे राहते, त्याच शाळेत गणिताला माणूस नसतो आणि जेवणाच्या फीसाठी फोन करावे लागतात, तेव्हा शिक्षकांच्या संघटनेनं यावर बोलू नये, हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. त्यांच्याइतकं जवळून हे दुसरं कुणी बघत नाही. टोक्योतल्या मराठी मंडळींत योगेंद्र पुराणिक इबाराकीच्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाल्याचं आम्ही सगळ्यांनी मिरवलं. त्या खुर्चीखालच्या माणसाचा दिवस कसा जातो, हे मात्र आमच्या गप्पांत क्वचितच येतं.

शिफारसपत्र बुधवारी मुख्याध्यापकांच्या सहीला गेलं. परीक्षा जानेवारीत आहे. त्याच जानेवारीपासून शिक्षकांचा भत्ता ४ टक्क्यांचा ५ होईल, आणि दरवर्षी एकेक करत २०३१ मध्ये १० वर पोचेल. ओव्हरटाइम तेव्हाही मिळणार नाही.